पूजेतला जॅक

विटा फुटल्या, गाडी खाली बसली आणि आमचे मालक छातीपर्यंत तिच्याखाली दाबले गेले. त्यांना ओरडताही येईना. बाहेर नुसते पाय हलत होते.

काल शेजाऱ्यांनी दारात गाडीच्या ब्रेकचं काम काढलं. त्या ऑइलच्या उग्र वासानं ते पाय पुन्हा दिसले.

तो अपघात झाला तेव्हा खंडेनवमी होती. आदल्या दिवशी मालकांनी ब्रेकसाठी जॅक लावून चाक काढलं होतं. सकाळी सासूबाईंनी घरातली सगळी हत्यारं पूजेला मागितली. मग यांनी गाडीखाली विटा रचल्या, जॅक काढून धुतला आणि पूजेत मांडला. त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. "ऑइल कुठनं गळतंय, नुसतं बघतो की," म्हणत ते खाली शिरले. आता वाटतं, नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीही माणसानं शिरू नये, पक्के लोखंडी स्टँड लावावेत. तेव्हा आम्हाला विटासुद्धा भक्कम वाटल्या.

मी जॅक घ्यायला आत पळाले.

"अगं, आज पूजा हलवू नगंस!" सासूबाई ओरडल्या.

"आत्या, तिकडं ल्योक मराय लागलाय तुमचा!"

त्यांनी स्वतःच जॅक उचलला, झेंडूच्या माळेसकट. तो गाडीखाली लावून मी दांडा फिरवायला लागले. ओल्या कुंकवानं हात निसटत होता.

"जोर लाव की गं! जेवली न्हाईस व्हय?"

गाडी इंच इंच वर आली. आम्ही दोघींनी पाय धरून त्यांना ओढलं.

बरगड्या मोडल्या होत्या. मालक वाचले.