रोझामावशींची गोदडी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — ते माझं मलाच कळत नाही.

वसईत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारं एक केंद्र आहे, तिथे मी नर्स आहे. पाचूबंदरच्या रोझामावशी आमच्याकडेच होत्या. सगळा जन्म होडीत आणि मासळीत गेलेला. माझ्यावर भारी जीव. माझा डबा उघडला की आधी नाक मुरडायच्या, मग खायच्या. त्यांची मुलगी ग्रेटा, तिने ओळखीच्यांकडून हवेची गादी मागून आणली होती. पंपाने तिच्यातले फुगे आळीपाळीने फुगतात, बसतात. एकाच जागी भार पडत नाही, कातडी शाबूत राहते. वर फक्त एक पातळ चादर घालायची. नव्या मुलींना हे मीच शिकवते.

मावशींना ती गादी मुळीच खपत नव्हती. "जलमभर होडीन डोलले, आता म्हातारपनी पलंगाव पन डोलू?" म्हणायच्या. मला हसू यायचं. त्यांना हवी होती त्यांची गोदडी — आईच्या लुगड्यांची, स्वतः शिवलेली. रोज मागायच्या, रुसून बसायच्या. शेवटी एक दिवस मी ती दुहेरी घडी करून गादीवर घातली. खाली फुगे फुगतायत आणि मावशी वर जाड गोदडीवर — काय उपयोग? मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण त्या इतक्या गाढ झोपल्या की काढवेना. वाटलं, कूस तर आपण बदलतोच आहोत.

माकडहाडावर आधी लाली आली, मग कातडी फाटली.

ग्रेटा यायच्या आधी मी गोदडी कपाटात कोंबली. जखम बघून ती माझ्याकडे वळली. "सिस्टर, असं कसं झालं?" आणि मी — मी म्हटलं, "गादी जुनी आहे ना, पंप नीट चालत नसेल." मावशी माझ्याकडे बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाचवत होत्या की गोदडीला, कोण जाणे.

जखम भरली, पण फार सोसावं लागलं त्यांना. पुढे त्या वयानेच गेल्या. ग्रेटा अजून भेटली की तेच बोलते — मी मेलीने दुसऱ्याची जुनी गादी घातली आईला, माझ्यामुळे झालं सगळं. मी नुसता तिचा हात धरते.

मावशींच्या सामानातली ती गोदडी तिने मलाच आणून दिली. "तुम्ही आईला जीव लावलात," म्हणाली. जीव लावला होता, ते खरंच. मी दोन्ही हात पुढे केले आणि गोदडी घेतली.