मास्तर घरात आलाय, सदरा घाला

मी चौथी नापास. तेव्हा डिग्रीवर मी काय बोलायचं, असं लोक म्हणतील. म्हणोत.

आमच्या धाकटीने डिग्री घरी बसून घेतली, मोबाइलवर. हौस म्हणून नव्हे. तिची बारावी झाली आणि माझ्या बायकोने अंथरूण धरलं. तिला कुशीवर वळवायला घरात कोणीतरी हवं होतं. मग कॉलेजच खाटेशी आलं. शिकवणी सुरू झाली की ही पडल्या पडल्या डोक्यावर पदर घ्यायची आणि मला दटावायची, "अहो, सदरा घाला आधी. मास्तर घरात आलाय."

"अगो, तो तिकडे कुठे लांब. त्याला काय दिसतंय?"

"त्याला नसेल. आपल्याला दिसतोय ना?"

भर वैशाखात, घामाच्या धारा पुसत, सदरा घालून मी जमाखर्च ऐकला. निकाल लागला तेव्हा ही नव्हती.

पुढे मिरजोळ्याच्या एका आंब्याच्या कारखान्यात हिशेबाला माणूस हवंय असं कळलं. पालीहून एसटीने दोघं गेलो. केबिनमध्ये साहेब नव्हतेच. भिंतीवर टीव्ही, आणि टीव्हीत साहेब! पुण्याला आपल्या घरी बसलेले, मागे कुकर शिट्ट्या मारतोय. मी उगाच वहाणा बाहेर काढून आलो होतो.

"डिग्री ऑनलाइन आहे?" साहेबांनी तोंड वाकडं केलं. "रेग्युलर नाही? त्याचं काय आहे, घरी बसून शिकलेल्यांना शिस्त नसते."

इतक्यात आणखी एक शिट्टी झाली. साहेब गॅस बंद करायला उठले. वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी. शिस्त काय असते ते बघायला मिळालं.

ते परत बसल्यावर मी म्हटलं, "साहेब, पोर घरी का बसली होती ते तरी विचारा."

"बाबा, गप्प बसा," धाकटी हळूच म्हणाली. "आईचं दुखणं सांगून नोकरी नको मला."

"कळवतो," साहेब म्हणाले. आणि कळवलं हो! जागा कॉलेजात जाऊन आलेल्या एका मुलाला दिली. पण बिलांचं काम फार तुंबलंय, तेवढं धाकटीने घरून करावं, कमी पगारात. म्हणजे घरी बसून शिकलेलं चालत नाही, घरी बसून राबलेलं चालतं. एवढी अक्कल यायला रेग्युलर डिग्रीच लागत असणार.

"नाही म्हणून सांग त्यांना," मी म्हटलं.

"डिग्री नाही बघितली, बाबा. काम तरी बघतील."

आता ती त्याच रिकाम्या खाटेला टेकून बसते. सकाळी साहेब मोबाइलात आले की मी उठून सदरा घालतो. साहेबांसाठी नव्हे. त्यांच्यासाठी मी पंचासुद्धा सारखा केला नसता.