हजेरीच्या सह्या

"मैडम, कोटे से मास्टरी मिल गई, तो इंजीनियर भी बन गईं?"

शाळेच्या व्हरांड्यात, माझ्याच खुर्चीवर बसून बांधाच्या कामाचे सरकारी साहेब म्हणाले. समोर सतरंजीवर सारे गाव. सरपंच हसला. साहेबांसोबत आलेले दोघे हसले. चौथीची मुले खिडकीतून पाहत होती. मी उभी होते.

माझा प्रश्न साधा होता: पाणी शेतात किती दिवस राहील?

रायपूरजवळची नवी राजधानी आमच्या गावाच्या वरच्या अंगाला उभी राहत होती. पूर्वी तिथे पाऊस मुरत असे. आता तिथे रुंद रस्ते होते. म्हणून नाल्यावर बांध घालायचा, पुराचे पाणी गावच्या धानात वळवायचे आणि शहर कोरडे ठेवायचे, अशी योजना होती. जमीन कोणाची घेणार नव्हते. फक्त तिच्यावर पाणी ठेवणार होते.

"धान को तो पानी ही चाहिए," साहेब म्हणाले.

हे नीट समजून घ्यावे. धानाला पायाशी पाणी लागते. पाने बुडून राहिली, तर ते गुदमरते, मग कुजते. शिवाय धान उभे असतानाच खालच्या ओल्या चिखलात तिवरा विखरून पेरतात. आपल्या विदर्भातली लाखोळी तीच. त्या डाळीवर घरे उन्हाळा काढतात. चिखलावर पाणी साचून राहिले, की तेही बी गेले.

एवढे मला सांगायचे होते. पण 'कोटा' ऐकला आणि ते राहून गेले. हा शब्द मला नवा नव्हता. तरी माझ्या विद्यार्थ्यांदेखत तो पहिल्यांदाच आला. मी खाली बसले.

मग रजिस्टर फिरले. सभेला आलेल्याने हजेरीची सही करायची, हा इथला रिवाज. दोन वर्षे शाळा सुटल्यावर मी गावातल्या बायांना सही शिकवत होते. सरपंचाने शाईची डबी पुढे केली. मी म्हणाले, "अंगूठा नहीं. दस्तखत." सुखवतीबाईने दातांत जीभ धरून आपले नाव पूर्ण लिहिले. अपमान गिळून मी त्या अक्षरांकडे अभिमानाने पाहत राहिले. पानाचा वरचा भाग कोरा होता. तो मी पाहिला नाही.

पंधरवड्याने माणसे आली आणि शेताच्या कडेच्या बाभळींना निळ्या रंगाच्या रेघा मारून गेली. पाणी इथवर येणार. पहिलीतल्या मुली खोडाला पाठ लावून उंची मोजू लागल्या. रेघ त्यांच्या डोक्यावरून जात होती. त्या हसत होत्या. मी त्यांना वर्गात बोलावले.

त्याच आठवड्यात पंचायतीत कागद लागला: गावाची संमती आहे. खाली आमच्या सह्या. हजेरीचेच पान, कोऱ्या जागेत मजकूर नंतर टाईप केलेला.

सुखवतीबाई आली. "दीदी, हमन तो हाजिरी बर दस्खत करे रहेन. तुमन कहेव, त करेन."

तुम्ही सांगितले म्हणून हजेरीसाठी सही केली, एवढेच ती म्हणत होती; रागावली नव्हती. तेच सहन झाले नाही.

मी अर्ज लिहिला. या सह्या हजेरीच्या आहेत, संमतीच्या नाहीत. सही करा, असे मीच सांगितले होते. खाली पहिले नाव माझे.

रायपूरच्या घरी बाबांनी तो वाचला. रेल्वेत आयुष्य गेलेले. म्हणाले, "काहून भांडून राहिली? नोकरी सरकारी हाय. मलेही लय ऐकवलं लोकायनं. मी चूप राहिलो, म्हणून तू शिकली."

"म्हणूनच आता मी चूप राहणार नाही, बाबा."

पुढच्या सभेत मी अर्ज वाचायला उभी राहिले. साहेब म्हणाले, "बैठ जाइए. नौकरी प्यारी नहीं है?"

"पूरा पढ़कर बैठूँगी."

पूर्ण वाचला. या वेळी कोणी हसले नाही. बायांनी एकेक करून त्याखाली सही केली.

अर्जाला उत्तर नाही. मला मात्र कारणे दाखवा नोटीस आली आहे. बांधाला दारे बसली आहेत. आषाढ जवळ आला आहे.

नोटिशीच्या उत्तरात मी माफी लिहिणार नाही. बदली झाली, तर जाईन. पण जाण्यापूर्वी या गावातल्या प्रत्येक बाईला सरकारी कागद पहिल्या ओळीपासून वाचता आला पाहिजे. आजपासून वर्ग रोज भरेल. कोऱ्या कागदावर इथे कोणी सही करणार नाही. हजेरीचीसुद्धा नाही.