रुमालाखालचा आकडा

पाटोद्याच्या बाजारात धुळाजी हेडी येताना दिसला की बैल विकायला आलेले घाईघाईनं बैलांच्या पाठी पुसायला लागायचे. बैलाच्या सौद्यात मध्यस्थी करणारे हेडी बाजारात पुष्कळ होते, पण धुळाजी नुसते दात बघून गप्प बसणारा नव्हता. सगळं बघून झालं की तो शेवटी म्हणायचा, "आता चढावर घ्या." भरल्या गाडीला जुंपून चढावर चालवल्याशिवाय त्यानं आयुष्यात एकही बैल पास केला नाही.

त्याची लेक राजनंदिनी लहानपणी त्याचं बोट धरून हे सगळं बघायची. एकच गोष्ट तिला कधी बघायला मिळाली नाही. सौदा ठरायचा तो रुमालाखाली. दोघांचे हात झाकलेले, आकडा बोटं दाबून सांगायचा आणि तोंडानं मात्र सोयऱ्याधायऱ्यांच्या चौकशा.

"आबा, आत काय झालं?" ती हटकून विचारायची.

"हेड्यानं रुमालाखालचं सांगायचं नसतं," एवढंच उत्तर मिळायचं. बाईमाणसाचा हात तर त्या रुमालाखाली कधी गेलाच नव्हता.

आता राजनंदिनी एकतीस वर्षांची आहे. आठ वर्षं पुण्यात संगणकाची नोकरी करून दोन वर्षांपूर्वी ती गावी परतली. घरी बसून ती बाहेरची कामं करते आणि उरलेल्या वेळात तिचा एक खोडसाळ उद्योग चालतो. फुकट मिळणारी, ज्यांचा आतला मजकूर कुणालाही उघडून वाचता येतो अशी संगणकाची हत्यारं ती पारखते आणि निकाल मराठीत लिहून स्वतःच्या वेबपानावर टाकते. पारखायची पद्धत बापाची. "ज्याचं तोंड उघडून दात बघता येत नाहीत ते हत्यार दावणीला बांधू नये," असं तिच्या पानावर सगळ्यात वर लिहिलेलं आहे. ज्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे, तिच्या तीन जाती तिनं अशा उरकल्या: "बॅश: वय झालेलं, पण वाट पाठ आहे. झेडशेल: घुंगरमाळा हव्या तेवढ्या बांधून घेतो. फिश: तुम्ही तोंड उघडायच्या आत पुढचा शब्द सुचवतो, जावई शोभतो." वाचणारे कुठले कुठले लोक तिला पत्रं लिहितात.

गावाला मात्र हे पटत नव्हतं. शिकलेली पोरगी गावात राहते म्हणजे पुण्यात काहीतरी बिनसलं असणार, असं लोक धरून चालले होते. धुळाजीलाही ते बोचायचं. एकदा तो म्हणाला, "नंदे, ह्या गावाला तुझा काय उपेग हाय ते दाव. न्हाईतर दिवाळी झाल्यावर पुण्याची गाडी धर." ती हसली, पण रात्रभर तिला झोप लागली नाही. तिला इथंच राहायचं होतं. का, ते तिला कुणाला पटवून देता येत नव्हतं आणि त्याचा तिला राग यायचा.

संधी आली ती पाण्याच्या मोटारीवरून. गावाला पाणी चढवणारी मोटार तीन किलोमीटरवर तलावाच्या काठाला आहे. पूर्वी मोबाइलवरून मिस कॉल दिला की ती चालू व्हायची. ते यंत्र वीज पडून जळालं आणि पाणीवाला म्हाळूतात्या दिवसातून दोनदा मोटरसायकलवर हेलपाटे घालू लागला. राधाकिशन सरपंचांनी ठरवलं की मोटारीच्या पेटीत छोटा संगणक बसवायचा. तो चालवायला दोघं पुढं आले. राजनंदिनीचा चुलतभाऊ जीवन, ज्याचं चौसाळ्यात संगणकाचं दुकान आहे, त्यानं देखणं वेबपान आणलं. राजनंदिनीनं मोबाइलवरच उघडणारी काळी खिडकी आणली.

पंचायतीच्या खोलीत, पंख्याखाली, जीवनचं पान मोरासारखं फुललं. तलावाचं चित्र, हलणारं पाणी, हिरवं बटण. राजनंदिनीच्या खिडकीत काळ्यावर पांढरी चार अक्षरं.

"हे तं पाटीवर लिव्हल्यागत दिसायलंय," सरपंच म्हणाले.

"दिसायला जीवनचंच झ्याक हाय," तिनं लगेच मान्य केलं. जीवन खूश झाला. "पर सरपंच, चढावर घ्या."

कोपऱ्यात बसलेल्या धुळाजीनं चमकून लेकीकडं बघितलं.

सगळे तलावावर गेले. तिथं मोबाइलला रेंजची एकच काडी, तीही वाऱ्यावर. जीवनचं पान उघडायला लागलं आणि उघडतच राहिलं. चित्रातला तलाव अर्ध्यावर येऊन थांबला. राजनंदिनीचा हुकूम चार अक्षरांचा, तो त्या एका काडीवरून सुळकन गेला आणि मोटार घरघरली. तिनं मोटार बंद करून जीवनला डोळा मारला.

"आता म्हाळूतात्या करतील," ती ऐटीत म्हणाली.

म्हाळूतात्यानं हुकूम टाइप केला. मोटार घरघरली आणि थांबली. पुन्हा टाइप केला. पुन्हा घरघरली, पुन्हा थांबली. पाच वेळा हेच झालं. जीवन आता उघड हसत होता. सरपंचांनी घड्याळ बघितलं. राजनंदिनीनं हुकूम अक्षर न् अक्षर तपासला. दिवाळीनंतरची पुण्याची गाडी तिला डोळ्यांपुढं दिसायला लागली.

सहाव्या वेळी तिनं खिडकीकडं बघणं सोडलं आणि म्हाळूतात्याच्या बोटांकडं बघत राहिली. हुकूम दिला की तात्या ओठातल्या ओठात "एक, दोन" मोजायचा आणि खिडकी बंद करून फोन खिशात टाकायचा. खिडकी बंद झाली की तिच्यात दिलेला हुकूमही मरायचा.

"तात्या, बंद कावून करता?"

"मिस कॉल दोन रिंगवर कापायचा असतो," तात्या म्हणाला. "उचलला तं पैसे पडत्यात. धा वर्सं असंच करतोय मी."

तिला आधी स्वतःचीच लाज वाटली. चढ तिनं रेंजचा धरला होता. खरा चढ तात्याच्या खिशाशी होता. मग ती तिथंच दगडावर बसली आणि खिडकी बंद झाली तरी हुकूम मागं चालत राहील, अशी एक ओळ तिनं लिहिली. तात्याला काहीच शिकवलं नाही.

तात्यानं हुकूम दिला, एक, दोन, फोन खिशात. मोटार चालूच राहिली. दहा मिनिटांनी गावातल्या बायनाबाईचा तात्याला फोन आला, की नळाला पाणी आलंय, आता बंद करू नगा.

"जीवनचं पान पंचायतीत राहू द्या," राजनंदिनी सरपंचांना म्हणाली. "तिथं रेंज हाय, पाणी किती ते तुमाला बघता येईल. हुकूम मातर काळ्या खिडकीतून."

सरपंचांना पटलं, पण ते घुटमळले. "पोरी, काम चांगलं हाय. पर तू किती दिस इथं? उद्या पुण्याला गेलीस तं आमी ही खिडकी कुणाला उघडाय लावायची? वर्सं सांग."

बाप समोर होता, जीवन होता, चारचौघं होते. जो आकडा ती मनात दोन वर्षं धरून होती, तो सगळ्यांसमोर तोंडातून निघेना.

धुळाजी उठला. खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं झटकला, सरपंचांचा हात धरला, मग लेकीचा धरला आणि दोन्ही हातांवर रुमाल टाकला. कुणीतरी "अहो, बाईमाणूस..." म्हणायला गेलं. धुळाजीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

"यंदा ज्वारी काय म्हणती, सरपंच?" राजनंदिनी म्हणाली.

रुमाल हलला. सरपंचांच्या भुवया वर गेल्या. रुमाल पुन्हा हलला.

"झकास हाय ज्वारी," सरपंच म्हणाले आणि हसत हात बाहेर काढला. "ठरलं."

घरी जाताना धुळाजी लेकीच्या मोटरसायकलवर मागं बसला होता. ओढा ओलांडेपर्यंत त्यानं कसाबसा दम धरला.

"नंदे, किती सांगितलंस गं?"

"हेड्यानं रुमालाखालचं सांगायचं नसतं, आबा," राजनंदिनी म्हणाली आणि तिनं गिअर बदलला.