साडूंचे कान

आमच्या थोरल्या साडूंना माणसांचं बोलणं कधी धड ऐकू आलं नाही; गाडीचं मात्र सगळं ऐकू यायचं. तीर्थपुरीत त्यांच्या दारापुढं वीस वर्षांची जुनी गाडी उभी असे. आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, आतून तीनदा जेवायला हाका मारी, तरी हे ढिम्म. पण रस्त्यावरून कुणाची गाडी गेली, की मान न वळवता म्हणत, "मागचा शॉकअप गेला याचा." पेशानं ते शाळेत भूगोल शिकवायचे.

आवाज शोधणं हा त्यांच्याकडं एक विधीच होता. आधी स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या ओट्यावर. मग खिशातली चिल्लर, किल्ल्या. एकदा त्यांनी आक्काला बांगड्या काढायला सांगितल्या. "मला न्या का नका नेऊ, बांगड्या न्हाई निघणार," म्हणत ती उतरून गेली, आणि साडूंना ते थेट गतिरोधकापाशी कळलं. गाडी चालवायला मी. साडू डाव्या सीटपुढं पायाशी उकिडवे, तळाला कान लावून. गाडी दहाच्या वेगानं उंचवट्यावरून जायची आणि खालून आवाज यायचा, "पाव्हणे, श्वास जरा हळू घ्या. मला तुमचाच भाता ऐकू येऊन राह्यला."

गाडीतल्या हवेची तऱ्हा न्यारीच होती. बटण तोंडाकडं फिरवलं तरी वारा पायांवरच यायचा. साडूंनी उदबत्ती पेटवून एकेका जाळीपुढं धरली, धूर कुठं हलतो ते पाहिलं आणि सांगितलं, आतली तार निसटली. निदान बिलकुल बरोबर. इलाज म्हणून त्यांनी आतल्या झडपेला पायजम्याची नाडी बांधली आणि दुसरं टोक डॅशबोर्डखालून बाहेर काढलं. ओढून धरली की वारा तोंडावर, सोडली की पुन्हा पायांवर. जालन्याला जाताना गाडी ते चालवत आणि गाव येईपर्यंत ती धरून बसायचं काम माझं. हात भरून आला म्हटलं तर म्हणायचे, "मंग डोकं खाली घ्या. तिकडं हवा येऊनच राह्यली."

इथवर मी नेहमी हसत सांगत आलो. पुढचं कधी सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची कंबर धरली होती. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच खाली बसायची जागा त्यांनी मला दिली आणि चालवायला स्वतः बसले. गतिरोधकावर डाव्या चाकाकडून 'टक' झालं. तळहाताला जाणवेल इतकं स्पष्ट.

"आला?"

मला दुपारच्या बसनं जुन्या जालन्यात परतायचं होतं. हो म्हटलं असतं तर चाक खोलण्यात संध्याकाळ झाली असती.

"न्हाई आला," मी म्हटलं.

त्यांनी आणखी चार फेऱ्या मारल्या. "मला तर बराबर येऊन राह्यला, पाव्हणे."

"भास असंल. वय झालं आता कानाचं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग गाडी बंद केली. चाक खोललं नाही.

आठ दिवसांनी घनसावंगीच्या रस्त्यावर त्याच चाकाचा सांधा निसटला, चाक आत मुडपलं आणि गाडी उसात शिरली. साडूंना खरचटलं. आक्काचा हात कोपरात मोडला. दवाखान्यात ती त्यांच्यावर बरसली, "टकटक ऐकण्यात जलम घातला, अन् नेमकं हेच ऐकू आलं न्हाई?"

मी खाटेशेजारीच उभा होतो. साडू माझ्याकडं न बघता म्हणाले, "न्हाई आलं. गेले माझे कान."

गाडी भंगारात गेली. त्यानंतर कुणी आपली गाडी दाखवायला आणली तर ते म्हणत, "मिस्त्रीला दाखवा, मला काय ऐकू येतंय?" थंडीत एका सकाळी उठलेच नाहीत.

परवा मी आक्कापुढं बसून सगळं सांगून टाकलं. तिचा हात अजून सरळ होत नाही. दोन शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. ती म्हणाली, "म्हंजे त्यांना ऐकू आल्तं?"

"आल्तं, आक्का. माझ्याही आधी."

"अन् मी ते जाईपर्यंत त्यांना बहिरं बहिरं म्हणत राह्यले."

मला बसही म्हणाली नाही, ऊठही म्हणाली नाही.