ताईच्या कुलमुखत्यारपत्राचं लॅमिनेशन

आमच्या घरात जे जे महत्त्वाचं, ते ते प्लॅस्टिकमध्ये आहे. माझा दहावीचा दाखला, जुनं रेशनकार्ड, आमची लग्नपत्रिका, आईच्या हातची लिंबाच्या लोणच्याची कृती, सगळं! निवृत्तीनंतर लोक योगासनं करतात, मी लॅमिनेशनचं मशीन घेतलं. (माझी बायको शुभदा म्हणते, "हे आधी घेतलं असतंत, तर माझ्याही तोंडावर सुरकुत्या पडल्या नसत्या!") मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत मला लॅमिनेशनकाका म्हणतात आणि मला त्याचा अभिमान होता. होता, असंच म्हणायचं आता.

माझी थोरली बहीण विजूताई पंचवीस वर्षं ऑस्ट्रेलियात आहे. मध्यंतरी तिनं तिथलं नागरिकत्व घेतलं. म्हणजे जिनं मला लेंग्याची नाडी बांधायला शिकवलं, ती कायद्याच्या लेखी परदेशी झाली! दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले आणि ताईचे फोन लांबत चालले. नेमका त्याच सुमारास आमच्या शेजारच्या जिग्नेशभाईंनी त्यांचा फ्लॅट विकायला काढला. मी फोनवर सहज बोलून गेलो मात्र!

"बाबू, तो मला घेऊन दे," ताई म्हणाली. "भिंतीला भिंत. सकाळी मी भिंत वाजवली की तू चहा घेऊन यायचंस."

"आणि मी वाजवली तर?"

"तर मी उठणार नाही. मी मोठी आहे."

ती हसली आणि फोन ठेवता ठेवता पुन्हा म्हणाली, "घेशील ना रे?" तेव्हाच मी ठरवलं, फ्लॅट घ्यायचाच.

ताईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, तिला येणं शक्य नव्हतं. मी ओळखीच्या लोखंडे वकीलबाईंकडे गेलो.

"ताईंकडे परदेशस्थ भारतीयांचं ते ओसीआय कार्ड आहे ना? मग राहता फ्लॅट घेता येतो. शेतजमीन मात्र नाही." (मी उत्साहाच्या भरात जवळच्या राई गावातल्या एका वाडीचीही चौकशी करून आलो होतो. ती तिथेच मिटली.) "त्यांनी तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्रावर सही करायची, म्हणजे इथल्या सह्या त्यांच्या वतीनं तुम्ही करू शकाल. कागद भारतात आला की तीन महिन्यांत मुद्रांक कार्यालयात न्यायचा. तिथे त्यावर शिक्का बसला की मगच तो चालतो. आणि काका, मूळ कागद जपा हं!"

जपा! हे आपण कुणाला सांगतोय, याची त्या माउलीला कल्पना नव्हती.

जिग्नेशभाईंनीही शब्द दिला. "वैद्यभाई, दशेरा तक रुकता हूं. बाद में नहीं हां! वापी में बेटी के पास जाने का है."

ताई काठी टेकत, कुणाच्या तरी गाडीतून दोन तास प्रवास करून वकिलातीत गेली. कागद ऐन पावसाळ्यात आला. पाकिटाचा एक कोपरा ओला होता! आत लाल शिक्का आणि खाली ताईची सही. शेवटचं अक्षर जरासं थरथरलेलं. मला गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं की मी मशीन तापायला लावतो.

"अहो, आधी वकीलबाईंना विचारा," शुभदा म्हणाली.

"बाहेर पाऊस बघतेस ना? लोखंडेबाई काय छत्री धरणार आहेत या कागदावर?"

घरातलं सगळ्यात जाड प्लॅस्टिक काढलं. एकही बुडबुडा नाही! शुभदाची खात्री पटावी म्हणून मी त्यावर पेलाभर पाणी ओतूनही दाखवलं. ताईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "व्वा! आता बुडलं तरी चिंता नाही." (आणि ते बुडलंच.)

मुद्रांक कार्यालयातल्या बाईंनी कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"काका, हे काय?"

"लॅमिनेशन. घरीच केलंय," मी विनयानं म्हणालो.

"अहो, शिक्का कुठे मारू मी?"

"वरूनच मारा ना!"

माझ्या समाधानासाठी बिचारीनं कोपऱ्यावर मारून दाखवला. मग बोट फिरवलं. शिक्का बोटावर आला. रांगेत एकदम चैतन्य पसरलं.

"इस्त्री फिराओ अंकल, छूट जायेगा!"

"इस्त्री नको, ब्लेडनं कडा सोडवा!"

"काका, कुणाचं ऐकू नका," खिडकीतून बाई म्हणाल्या. "नवीन करून मागवा."

मी अर्थातच इस्त्रीवाल्याचं ऐकलं. घरी येऊन कागदावर रुमाल ठेवला, इस्त्री फिरवली आणि श्वास रोखून प्लॅस्टिक ओढलं. निघालं की! शुभदा "जमलं!" म्हणाली आणि चष्मा लावून कागदावर वाकली. कागदावर सगळं शाबूत होतं, लाल शिक्कासुद्धा. फक्त ताईची सही नव्हती. ती प्लॅस्टिकला चिकटून निघून आली होती.

ताईला फोन केला. तो शुभदाच्या हातात दिला, तिनंच सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "कागद खराब होऊ नये म्हणूनच केलंस ना रे?" ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लगेच वकिलातीत पुन्हा वेळ मागितली, ती मिळाली दसऱ्यानंतरची. जिग्नेशभाईंना मी हात जोडले.

"क्या करूं वैद्यभाई, दीदी आती तो मेरे को भी अच्छा लगता. पर वापी का सब तय हो गया."

दसऱ्याला शेजारच्या दारावर दुसऱ्याच कुणाचं तोरण लागलं. माणसं चांगली आहेत, रागावायचीही सोय नाही! एका सकाळी भिंतीवर ठकठक झाली आणि मी झोपेतच उठून चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळायला लागल्यावर लक्षात आलं, नवे शेजारी खिळा ठोकतायत. तो चहा मी एकट्यानं प्यालो. इतका वाईट चहा मी आयुष्यात प्यालेलो नाही.

ताईच्या सहीचा तो प्लॅस्टिकचा तुकडा माझ्या पाकिटात आहे. मशीन माळ्यावर गेलं, माळ्याला कुलूप नाही म्हणून शुभदानं शिडीच शेजाऱ्यांकडे ठेवली आहे.

ताई आता डिसेंबरात येतेय, दोन महिने, आमच्याच हॉलमधल्या दिवाणावर. भिंत नाही, पण हाक मारली की चहा मिळेल. परवा तिचं तिकीट आलं. ते तिनं शुभदाच्या फोनवर पाठवलं, शुभदानं त्याची प्रिंट काढून आणली, आणि मला दाखवली.

लांबून.