हरल्यावरची मिठी

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते आमचे शेजारी, बोटीवरचे खलाशी दाऊदचाचा यांचं. ते दर सफरीहून आणायचे तसल्या विलायती साबणाचा वास आला, की अजून ते दारात उभे दिसतात.

तेव्हा मी इंटरला नापास होऊन रत्नागिरीच्या घरात तोंड लपवून बसलो होतो. लंडनहून आलेले चाचा म्हणाले, "इंग्रजांचा बॉक्सिंगमधला फ्लायवेट चॅम्पियन बघितला. तुझ्याएवढाच, मूठभर! जग जिंकलान, नि थोड्याच महिन्यांत हरला."

"मग लपला असेल."

"छे! सुजल्या तोंडाने जिंकणाऱ्याला मिठी मारलीन, सगळ्यांसमोर. तुला रे कोणी मारलंय, माजघरात शिरायला?"

मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, हे मागाहून कळलं.

चाचा बोटीवर परतल्यावर मी त्यांना लिहिलं: "परत परीक्षेला बसलोय. काहीही होवो, निकाल बघायला कॉलेजात मी स्वतः जाईन, भरदिवसा."